फिजीचा ध्वज : युनियन जॅक दिसतो, ऊस दिसत नाही

फिजीच्या ध्वजावर आजही युनियन जॅक आहे, म्हणजे तो देश मनाने गुलामच राहिला, असा निवाडा समाजमाध्यमांवर वारंवार दिला जातो. हा निवाडा देणाऱ्यांची नजर ध्वजाच्या एका कोपऱ्यापलीकडे जात नाही.

१० ऑक्टोबर १९७० रोजी फिजी स्वतंत्र झाला आणि फिकट निळ्या रंगाचा हा ध्वज फडकला. त्याच्या उजव्या भागातील ढाल १९०८ सालच्या, म्हणजे वसाहतकाळातील राजचिन्हातून घेतलेली आहे. माथ्यावर कोकोचे फळ पंजांत धरलेला सिंह; खाली ऊस, नारळाचे झाड, केळ्यांचा घड आणि कबूतर. यातील कबूतर तेवढे ब्रिटिश अमलापूर्वीच्या फिजी राज्याच्या ध्वजावरून आले.

आणि ऊस? १४ मे १८७९ रोजी ‘लिओनिदास’ जहाजातून पहिले भारतीय गिरमिटिये फिजीत उतरले. १९१६ पर्यंत सुमारे ६०,००० जण आणले गेले. ढालीवर ऊस कोरला गेला तेव्हा तो करारबद्ध मजुरांच्या घामावर उभा होता. पीक ढालीवर आले, ते तोडणारे हात आले नाहीत. या ध्वजावरील वसाहतवादाची सर्वांत खोल खूण हीच. तिच्याविषयी मात्र अवाक्षर निघत नाही.

वसाहतीच्या खुणा पुसू पाहणारे तरी कोण होते? १४ मे १९८७ रोजी, म्हणजे ‘लिओनिदास’च्याच तारखेला, लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका यांनी भारतीय वंशीयांच्या पाठबळावर निवडून आलेले सरकार उलथवले. त्याच वर्षी प्रजासत्ताक घोषित झाले. राणी गेली, ध्वज राहिला आणि हजारो भारतीय वंशीयांनी देश सोडला. याला वसाहतमुक्ती म्हणायचे?

२००६ च्या लष्करी बंडातून सत्तेवर आलेले आणि पुढे २०१४ मध्ये निवडून आलेले फ्रँक बैनीमारामा यांनी २०१५ मध्ये ध्वजबदलाची घोषणा केली. जुनी चिन्हे कालबाह्य आहेत, हा त्यांचा युक्तिवाद निराधार नव्हता. पण विरोधकांनी सार्वमत मागितले आणि ते घेतले गेले नाही. जनतेला न विचारता जनतेचे चिन्ह बदलणे ही तर गव्हर्नरांचीच रीत.

फेब्रुवारी २०१६ मध्ये विन्स्टन चक्रीवादळाने ४४ बळी घेतले. ऑगस्टमध्ये रिओ येथे फिजीने सेव्हन्स रग्बीत आपले पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. देशभर हाच निळा ध्वज नाचवला गेला आणि काही दिवसांतच सरकारने बदलाचा बेत सोडून दिला. अंतिम सामन्यात ४३-७ असा पराभूत झालेला संघ ग्रेट ब्रिटनचा होता.