बूस्ट कमी पडतोय? आधी पाइप बघा, मग रीमॅप

‘स्टेज वन केलंस का?’ टर्बो गाडी घेऊन कट्ट्यावर आलेल्या कुणालाही हा प्रश्न हमखास येतो. स्टेज वन म्हणजे ईसीयूचं, अर्थात इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं. यातली लाडकी गाडी म्हणजे सेकंडहँड फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. चाकणला बनणारी ही गाडी २०१३ मध्ये १०५ पीएसच्या १.२ लिटर टर्बो इंजिनासह आली. २०२० मध्ये तिला ११० पीएसचं १ लिटर इंजिन मिळालं आणि २०२२ मध्ये पोलोचं उत्पादनच थांबलं. म्हणजे आज हाती येणारी प्रत्येक पोलो काही वर्षं पळालेली असते. गोची इथेच आहे. रीमॅपनंतर गाडी मध्येच दम टाकते, गेजवर बूस्ट कमी दिसतो आणि आपण म्हणतो, ‘अजून थोडा वाढवून दे!’

हा उपाय बहुतेक वेळा रोगापेक्षा महाग पडतो.

आकडा नीट वाचा

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर टर्बो फिरतो आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. हा जादा दाब म्हणजे बूस्ट. तो हद्दीबाहेर जाऊ नये म्हणून वेस्टगेट नावाची झडप काही धूर टर्बोला वळसा देऊन सोडते. किती दाब हवा ते ईसीयू ठरवतो, किती मिळाला ते सेन्सर सांगतो. निदानाची सुरुवात या दोन आकड्यांच्या तुलनेतून होते.

मोबाइल ॲपवर १.९ बार दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका. अनेक ॲप वातावरणाचा दाबही धरून आकडा दाखवतात. वातावरणाचा साधारण १ बार वजा केला की खरा बूस्ट ०.९ उरतो. दोन मित्रांच्या गाड्यांची तुलना इथेच फसते.

मागितलेल्यापेक्षा दाब कमी मिळत असेल तर स्कॅनरवर बहुधा पी०२९९ हा कोड येतो. कारणं साधी असू शकतात. चोंदलेला एअर फिल्टर, इंटरकूलरच्या पाइपचा सैल क्लॅम्प, चिरलेला होज किंवा पूर्ण बंद न होणारा वेस्टगेट. हवा गळत असताना सॉफ्टवेअरमधून बूस्ट वाढवला, तर ती तूट भरून काढायला टर्बो आणखी जोरात फिरतो, जास्त तापतो आणि लवकर संपतो. वीस मिनिटांत घट्ट होणाऱ्या क्लॅम्पपायी अख्खा टर्बो जातो.

उलट, दाब जास्त झाला तर पी०२३४. वेस्टगेट बंद स्थितीत अडकला किंवा त्याला दाब पोहोचवणारा होज निसटला की असं होतं. नुसता फ्री-फ्लो एक्झॉस्ट बसवल्यावरही काही गाड्यांत वेस्टगेट अपुरा पडतो आणि आरपीएम वाढेल तसा बूस्ट चढत जातो. अशा वेळी गाडी लिम्प मोडमध्ये गेली, तर ती इंजिन वाचवत असते. ते संरक्षण सॉफ्टवेअरमधून काढून टाकणं म्हणजे घरातला फ्यूज काढून तार जोडण्यासारखं आहे.

मे महिन्यातला चंद्रपूर

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, ती म्हणजे ऊन. ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण ६ टक्के विरळ असते. तीच हवा टर्बोने १ बारपर्यंत दाबली की तिचं तापमान १४० अंशांच्या आसपास जाऊ शकतं. इंटरकूलर ती थंड करतो, पण बाहेरचंच वारं भट्टीसारखं असेल तर किती करणार? नॉकिंग टाळायला मग ईसीयू स्पार्क मागे घेतो आणि ताकद घटते. म्हणजे गेजवर बूस्ट तोच, तरी गाडी मंद. हा टर्बोचा बिघाड नाही. म्हणून लॉग घेताना बूस्टसोबत आत जाणाऱ्या हवेचं तापमानही नोंदवा. डिसेंबरमध्ये मस्त पळणारा मॅप मे महिन्यात इंजिनाला जड जाऊ शकतो.

त्यात धूळ. चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात आणि सूरजागडच्या लोहखनिज वाहतुकीच्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्याने फिल्टर कंपनीच्या वेळापत्रकाआधीच उघडून बघावा.

रस्ता आणि कायदा

लॉग घ्यायला पूर्ण थ्रॉटल द्यावा लागतो. त्याची जागा डायनोवर. चंद्रपूर-मूल किंवा आलापल्ली-सिरोंचा रस्ता जंगलातून जातो, तिथे वळणापलीकडे चितळ असेल की ट्रक, हे बूस्ट गेज सांगत नाही.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी आणि विम्याचा दावा अडकण्याचा धोका वेगळाच. आवाजासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणाऱ्यांनी एवढं आठवावं, की केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये चंद्रपूरला देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत मोजलं होतं.

कौशल्य इथलंच

टर्बो आपल्या भागाला नवा नाही. कोळसा आणि खनिज ओढणारे टिपर टर्बो डिझेलवरच चालतात. गाडी चढावर दम टाकते म्हटल्यावर आधी पाइपला हात लावून गळती शोधणारे मिस्त्री हायवेवर भेटतात. त्या हाताला स्कॅनर आणि लॉग वाचण्याची जोड मिळाली, तर आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या पोरांसाठी हे रोजगाराचं काम आहे. ते बनेपर्यंत नियम सोपा ठेवा: आधी कोड, मग फिल्टर-होज-क्लॅम्प, मग लॉग. एवढं करूनही दोष सॉफ्टवेअरमध्येच सापडला, तरच लॅपटॉप उघडा.