आधी विषाणू, मग त्याची जात

आज, २८ जुलै रोजी, जागतिक हेपटायटिस दिन पाळला जात आहे. २०१८ साली याच दिवशी केंद्र सरकारने विषाणूजन्य हेपटायटिसच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि त्यात हेपटायटिस ‘सी’ची औषधे रोग्यांस मोफत देण्याची सोय झाली. असे असता, रक्तात विषाणू सापडलेल्या रोग्याला ‘आधी विषाणूची जात तपासून आणा’ असे सांगून माघारी धाडण्याचा प्रघात जेथे कोठे उरला असेल तेथे तो आता मोडला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा प्रघात अज्ञानातून पडला होता असे मात्र नव्हे. १९८९ मध्ये ओळख पटलेल्या या विषाणूच्या आज आठ जाती मानल्या जातात व दोन जातींच्या जनुकीय मजकुरात सुमारे ३० टक्के अंतर असते. इंटरफेरॉनच्या काळात पहिल्या जातीच्या रोग्याला ४८ आठवडे सुया टोचून घ्याव्या लागत. दुसरी वा तिसरी निघाल्यास २४ आठवड्यांत सुटका होई. आपल्या देशात तिसरीच अधिक आढळते.

ही जात ओळखण्याची सोयीची पद्धत पट्टीची. विषाणूच्या आरएनएचा आरंभीचा तुकडा पीसीआरने वाढवून, निरनिराळ्या जातींचे नमुने ओळीने बसविलेल्या पट्टीवर सोडावयाचा. जेथे जुळेल तेथे रेघ उमटते. परंतु आरंभीचा तो भाग सर्व जातींत जवळजवळ सारखाच. उत्तरपत्रिकेचे पहिले पान सर्वांचे एकच असते, मुलगा ओळखावयाचा तर आतले अक्षर पाहावे लागते, हे ज्याने गठ्ठे तपासले आहेत त्याला सांगावयास नको. जुन्या पट्ट्या यामुळेच सहाव्या जातीला कधी कधी पहिलीत ढकलीत. पुढे पट्टीत कोअर जनुकाचा भाग घातला तेव्हा ही चूक कमी झाली. पुरती खात्री हवी तर एनएस५बीसारख्या भागाचा क्रमच वाचून काढावा लागतो. मूळच्या पंजाबच्या, कॅनडात उपचार घेणाऱ्या चार रोग्यांत आठवी जात सापडल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले, ते अशाच वाचनामुळे. विशेष हे की, त्या जातीसाठी वेगळे औषध कोणी केलेले नसताना ते चौघेही बरे झाले!

सोफॉस्बुविरच्या जोडीला डॅक्लाटास्विर किंवा वेल्पाटास्विर दिल्यास, जात कोणतीही असो, बहुतेक रोगी १२ आठवड्यांत बरे होतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये प्रौढांसाठी सर्व जातींवर चालणाऱ्या औषधांचीच शिफारस केली. तेव्हा रोग्याने जातीसाठी पदरमोड का करावी? अत्यावश्यक आहे ती आरएनएची तपासणी. प्रतिपिंडे काय, विषाणू आपोआप निघून गेलेल्या माणसाच्या रक्तातही राहतात.

मात्र प्रयोगशाळांनी ही विद्या टाकून द्यावी, असा याचा अर्थ कोणी करू नये. औषधानंतर विषाणू पुन्हा दिसला तर तो जुनाच की नव्याने शिरलेला, हे ठरविण्यास क्रमवाचनच लागते. एखाद्या डायलिसिस केंद्रात लागण कोणाकडून कोणाकडे गेली याचा मागही त्यानेच लागतो. तिसऱ्या जातीचा ‘ब’ उपप्रकार तर, यकृताला सिरॉसिस झालेल्या रोग्यात, नव्या औषधांनाही कमी दाद देतो. अशा मोजक्या नमुन्यांचे वाचन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत सरकारी खर्चाने व्हावे, आणि जिल्हा रुग्णालयातून तेथे नमुना जावा, रोगी नव्हे.