‘पुढे न्या’ हा काय उपचार आहे का?

नीट-पीजीचे प्रवेश सुरू झाले की दरवर्षी तीच चर्चा. "केईएम मिळालं का? जेजे? निदान सायन तरी?" आणि एखाद्या पोरीने जिल्ह्याच्या ठिकाणची डीएनबीची जागा घेतली की नातेवाईक मान हलवतात, "अरेरे, थोडक्यात हुकलं वाटतं."

मंडळी, ही मान हलवणं थांबवा. त्याची किंमत आपणच मोजतोय.

सरकारी रुग्णालय रात्री चालतं ते निवासी डॉक्टरवर, म्हणजे रेसिडेंटवर. मोठे डॉक्टर फोनवर असतात, वॉर्डात जागा असतो तो एमडी, एमएस किंवा डीएनबी करणारा पोरगा. जिथे तो नाही, तिथे एकटा मेडिकल ऑफिसर अख्खी कॅज्युअल्टी सांभाळतो. मग त्याच्याकडे एकच औषध उरतं: "पुढे न्या."

शहाडकरांना हे ‘पुढे’ तोंडपाठ आहे. स्टेशनच्या एका बाजूला कल्याण-डोंबिवली पालिका, दुसऱ्या बाजूला उल्हासनगर. आधी रुक्मिणीबाई नाहीतर सेंट्रल हॉस्पिटल, मग कळवा, मग सायन. दोन पालिकांच्या मध्ये राहूनही गंभीर पेशंटसाठी ॲम्ब्युलन्स शोधायची ती मुंबईकडे जायलाच.

ऑगस्ट २०२३ आठवतो? कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. रुग्णालय ५०० खाटांचं. ठाण्याच्या सिव्हिलचं नवं बांधकाम सुरू, त्यामुळे तिथला भार कळव्यावर, शिवाय सगळ्या जिल्ह्यातून येणारे पेशंट. दोष कुणाचा यावर राजकारण रंगलं. पण लांबून येणाऱ्या पेशंटवर घराजवळच उपचार का होत नाहीत, हा प्रश्न मागेच पडला.

"पण शिकायला मोठंच कॉलेज हवं ना?" हे अर्धं खरं आहे. दुर्मिळ आजार, सुपरस्पेशालिटी, शिकवणाऱ्यांची फौज हे सगळं परळला मिळतं. ज्याला पुढे न्यूरोसर्जन व्हायचंय त्याने बिनधास्त तिकडेच जावं. पण ज्याला उद्या कल्याण-बदलापूरला फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ किंवा भूलतज्ज्ञ व्हायचंय, त्याचे पेशंट इथेच आहेत. साप चावलेला मुरबाडचा शेतकरी, लोकलमधून पडलेला प्रवासी, टीबी आणि शुगर दोन्ही असलेला कामगार. हे सगळं लांबून बघायचं नाही, स्वतःच्या हाताने करायचं.

आणि संशोधन? डॉ. हिंमतराव बावस्करांनी बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचूदंशाने माणसं मरताना पाहिली. एमडी केलं पुण्याच्या बीजेतून आणि परत गेले महाडला. प्राझोसिनच्या वापराने मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आलं. त्यांचं काम ‘लॅन्सेट’ने छापलं. शिक्षण शहरातलं, पेशंट कोकणातले. दोन्ही लागलं. म्हणून ‘हे की ते’ असं भांडण लावणंच चुकीचं आहे.

आता प्रशासनाची पाळी. पीजीची जागा म्हणजे स्वस्तातला नोकर नव्हे. शिकवायला कुणी नाही, राहायला खोली नाही, विद्यावेतन रखडलेलं आणि वर नातेवाईकांच्या मारहाणीची भीती, अशा ठिकाणी कोण येईल? अशी जागा सोडून कुणी परळ निवडलं, तर मी त्या पोराला एका शब्दाने दोष देणार नाही.

नियमांची सबब आता चालणार नाही. एमडी-एमएसच्या विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करायचं, हा नियम २०२० चा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२५ मध्ये २२० हून अधिक खाटांच्या सरकारी रुग्णालयांना शिकवणारी संस्था होण्याची वाट मोकळी केली. दोन शिक्षक आणि दोन जागांवरही पीजी सुरू करता येतं. अंबरनाथला २०२४ मध्ये १०० जागांचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, चांगलंच झालं. पण एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी रात्री दोन वाजता सिझेरियन करत नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत:

१. कल्याण-उल्हासनगर पट्ट्यातल्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत पीजीच्या किती जागा आहेत, किती भरल्या, किती रिकाम्या, हे जाहीर करा.

२. जागा मागण्याआधी शिक्षक, वसतिगृह, सुरक्षा आणि दर महिन्याला वेळेवर विद्यावेतन द्या.

३. इथल्या रेसिडेंटना काही महिने मुंबईच्या मोठ्या कॉलेजात पाठवा आणि तिथल्यांना इथे आणा.

मत मागायला येणाऱ्याला गटार आणि रस्ता विचारताच, तसं हेही विचारा: "रात्री दोन वाजता आपल्या हॉस्पिटलात रेसिडेंट कोण असतो?" उत्तर आलं नाही, तर समजून जा.

आणि शेजारची पोरगी डीएनबीसाठी घराजवळच थांबली, तर तिचं अभिनंदन करा. उद्या तुमच्या आईला ‘पुढे’ न्यावं लागणार नाही, ते तिच्यामुळेच.