आधी घरमालक बघा!

चेन्नईत बदली झाली की मराठी कुटुंबाचा पहिला प्रश्न असतो पाण्याचा. नळाला 'मेट्रो वॉटर' येतं, की टँकर मागवावा लागतो? बोअरचं पाणी खारट आहे का? 2019च्या जूनमध्ये शहराला पाणी पुरवणारे तलाव कोरडे पडले, तेव्हापासून तर हा प्रश्न कुणी विसरत नाही. दुसरा प्रश्न आगाऊ रकमेचा. दहा महिन्यांचं भाडं आधीच मोजून द्यायचं, हा तिथला जुना रिवाज. 2019पासून लागू झालेला तामिळनाडूचा भाडे कायदा सांगतो, की वेगळा करार नसेल तर तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही. तिसरा आणि सर्वांत नाजूक प्रश्न, मालक कसा आहे? मासळी चालेल ना? रात्री गेट किती वाजता बंद होतं?

एवढी चौकशी करणारी माणसंच इंटरनेटवर खातं उघडताना मात्र काहीही विचारत नाहीत. अटींची पानंच्या पानं न वाचता 'मान्य' म्हणून मोकळी होतात. पण त्यांना तरी दोष कसा द्यायचा? इमारत एक, मालक एक. आवडलं नाही तर जाणार कुठे?

चेन्नईकरांना या एका मालकाच्या इमारतीचा फायदाही ठाऊक आहे आणि तोटाही. डिसेंबर 2015च्या महापुरात 'द हिंदू'चा 2 तारखेचा अंक चेन्नईत छापलाच गेला नाही. कामगार मरैमलाई नगरच्या छापखान्यापर्यंत पोचूच शकले नव्हते. 1878मध्ये सुरू झालेल्या या वृत्तपत्रावर अशी वेळ पहिल्यांदाच आली. त्या दिवसांत शहर जागं होतं ते ट्विटरवर. कुठल्या गल्लीत किती पाणी चढलंय, कुणाच्या घरात चार माणसांना जागा आहे, बोट कुठे हवीय, हे सगळं लोक एकमेकांना तिथेच कळवत होते.

पुढे काय झालं? ऑक्टोबर 2022मध्ये इलॉन मस्क यांनी 44 अब्ज डॉलर्सला ती सगळी इमारत विकत घेतली. जुलै 2023च्या पहिल्याच तारखेला पैसे न भरणाऱ्यांसाठी मर्यादा जाहीर झाली, दिवसाला 600 नोंदींपेक्षा जास्त वाचायचं नाही! पुढे ती वाढवलीही. पण महापुराच्या दिवशी असा फतवा निघाला असता तर? मालक विकतो, मालक नियम बदलतो आणि कधी कधी सरळ टाळं लावतो. ऑर्कुट सप्टेंबर 2014मध्ये बंद झालं. बंगळुरूचं 'कू' मोठ्या गाजावाजात आलं आणि जुलै 2024मध्ये गाशा गुंडाळून गेलं.

यावर उतारा काय, याची चर्चा आता चेन्नईतही होते आहे. झोहो ही मूळची तिथलीच कंपनी. तिच्या 'अरट्टै' या ॲपवर सप्टेंबर 2025मध्ये लोकांची झुंबड उडाली. अरट्टै म्हणजे तमिळमध्ये गप्पा. रोज तीन हजार नवे लोक यायचे, ते तीन दिवसांत रोज साडेतीन लाख येऊ लागले, असं कंपनीचे संस्थापक श्रीधर वेम्बू यांनी सांगितलं. त्याहून महत्त्वाचं त्यांनी पुढे सांगितलं. अशा सेवा ई-मेल किंवा यूपीआयसारख्या एकमेकींशी जोडलेल्या असाव्यात. तुमचं खातं कुठल्याही बँकेत असो, वाण्याला पैसे पोचतातच. मग एका ॲपवरचा निरोप दुसऱ्या ॲपवर का पोचू नये?

सामाजिक माध्यमांत ही सोय आधीच आहे. जर्मनीच्या ऑयगेन रोखको या तरुणाने 2016मध्ये 'मॅस्टोडॉन' सुरू केलं. मॅस्टोडॉन म्हणजे हत्तीसारखा एक नामशेष प्राणी. म्हणून इथल्या नोंदीला बरीच वर्षं 'टूट', म्हणजे हत्तीचा चीत्कार म्हणत! आपल्याकडे त्याचं नाव गाजलं ते नोव्हेंबर 2019मध्ये. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं, त्याच्या निषेधार्थ अनेक भारतीय तिकडे वळले.

वळले आणि दारातच अडखळले. कारण तिथे पहिलाच प्रश्न येतो, कुठल्या सर्व्हरवर खातं उघडायचं? सर्व्हर म्हणजे कुणीतरी स्वतःच्या खर्चाने किंवा वर्गणीवर चालवलेलं संगणकावरचं घर. अशी हजारो घरं आहेत. प्रत्येकाचा मालक वेगळा, नियम वेगळे. पण या घरातला माणूस त्या घरातल्या माणसाशी खुशाल बोलू शकतो. जीमेलवरून रेडिफमेलला पत्र जातं, तसंच. तुमच्या पत्त्यात आधी तुमचं नाव असतं, मग सर्व्हरचं. म्हणून 'चुकीचा सर्व्हर घेतला तर मित्र भेटणार नाहीत' ही भीती काढून टाका.

मग निवडायचं कसं? सांगलीकडच्या विटा, आटपाडी, खानापूरची गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. ती परमुलखात उतरतात ती आपल्या गाववाल्याच्या ओळखीने. सर्व्हरवरही हे चालतं. बागकाम, विज्ञान, एखादं शहर, एखादी भाषा, असे विषय धरून बांधलेले सर्व्हर आहेत. तिथे त्या घरापुरता एक सामायिक कट्टा असतो. त्या घरातली सगळी मंडळी काय बोलताहेत ते कट्ट्यावर दिसतं. शेजार चांगला मिळाला तर पहिल्या दिवसापासून करमतं. अगदी छोट्या घरात मात्र बाहेरच्या नोंदी कमी दिसतात. कारण घरातलं कुणीतरी ज्यांना 'फॉलो' करतं, प्रामुख्याने त्यांच्याच नोंदी तिथे पोचतात.

पण माझ्या मते शेजाराच्याही आधी मालक बघावा. सर्व्हरच्या माहितीच्या पानावर त्याचं नाव आहे का? घराचे नियम लिहिलेत का? शिवीगाळ करणाऱ्याला बाहेर काढणारं कुणी आहे का? खर्च कुठून येतो आणि हिशोब दाखवला जातो का? मालकाने दुसरा अख्खा सर्व्हर बंदी घालून तोडला, तर तिथल्या तुमच्या आत्येभावाचं बोलणंही तुमच्यापर्यंत येणार नाही. अशा बंदीची यादी अनेक सर्व्हर जाहीर करतात. ती चाळा. आणखी एक. इथले 'खासगी' निरोप कुलूपबंद नसतात. सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवलं तर तो ते वाचू शकतो. बँकेचा तपशील, मुलीच्या स्थळाची बोलणी असलं काही तिथे नको!

भला मालकही थकतो. तंत्रज्ञांचा एक नावाजलेला सर्व्हर 2017पासून एकटा माणूस चालवत होता. ट्विटर सोडून लोक येऊ लागले, त्याच सुमारास, ऑक्टोबर 2022मध्ये त्याने बंद करत असल्याचं जाहीर केलं. आणि एकाची कथा तर अजबच. समलिंगी मंडळींच्या एका सर्व्हरच्या पत्त्याच्या शेवटी 'एएफ' ही अक्षरं होती. ती अक्षरं अफगाणिस्तानची. फेब्रुवारी 2024मध्ये तालिबानच्या दूरसंचार खात्याने तो पत्ताच बंद केला. तेव्हा पत्त्याची शेवटची अक्षरं कुठल्या देशाची, हेही बघायला हवं.

मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीतल्या सर्व्हरनी काही वचनं दिलेली असतात. बंद करण्याआधी तीन महिन्यांची सूचना द्यायची, रोज माहितीची प्रत ठेवायची आणि अडीअडचणीला दुसऱ्या एका माणसाच्या हातीही किल्ली ठेवायची. नवख्याने या यादीतूनच सुरुवात करावी. काही ठिकाणी लगेच प्रवेश मिळतो, काही ठिकाणी 'का यायचंय?' ते दोन ओळींत लिहावं लागतं. चेन्नईच्या घरमालकांच्या मानाने ही मुलाखत सोपीच.

पटलं नाही तर घर बदलता येतं. खातं हलवलं की तुम्हाला 'फॉलो' करणारे आपोआप नव्या पत्त्यावर येतात. तुम्ही ज्यांना 'फॉलो' करता त्यांची यादी फाइल करून सोबत नेता येते. जुन्या नोंदी मात्र जुन्या घरातच राहतात. त्यांची आणि फोटोंची प्रत मागवून स्वतःच्या संगणकावर ठेवता येते. ती मागणी सात दिवसांतून एकदा करता येते.