गच्चीवरची अँटेना

चेन्नईत गच्चीवर हौशी रेडिओची, म्हणजे हॅमची, अँटेना उभारायची म्हटली की सोसायटी नाक मुरडते. मोबाइल असताना हे कशाला? याचे उत्तर समोरच्याच बंगालच्या उपसागराने दिले आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानची संपर्कयंत्रणा कोलमडली, तेव्हा पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद व त्यांचे सहकारी हॅम संचावरून निरोप पोहोचवीत होते. लघुलहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन दूरवर जातात. त्यांना वाटेत मनोरे लागत नाहीत. पुढच्याच वर्षी, ५ मे रोजी, इस्रोने श्रीहरिकोट्याहून हौशी रेडिओसाठी ४२.५ किलोचा ‘हॅमसॅट’ सोडला. २०१४ मध्ये तो निकामी झाला. नवा उपग्रह हवाच. परंतु त्याआधी सोसायट्यांनी अँटेनेला जागा द्यावी. परवाना आणि सराव ऐन संकटात मिळवता येत नाहीत.