संख्याशास्त्राचे पहिले पुस्तक

संख्याशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या प्रौढ जिज्ञासूने पुस्तकांच्या दुकानात चौकशी केली, तर त्याच्यापुढे बहुधा दोन चळती येतात: एकीत परीक्षेच्या उदाहरणांची साचेबंद उत्तरे पुरविणारी मार्गदर्शके, आणि दुसरीत पहिल्याच पानावर संचसिद्धान्ताची चिन्हे पेरून वाचकाला उंबरठ्यावरूनच परतविणारे पदवी अभ्यासक्रमाचे ग्रंथ. ज्याला निवडणुकीचे अंदाज किंवा एखाद्या औषधाच्या गुणाविषयीचे दावे पारखून घ्यावयाचे आहेत, त्याची सोय यांपैकी कोणीच करीत नाही. आणि मग उणीव आपल्याच बुद्धीत आहे असे समजून तो बिचारा या विषयाला कायमचा रामराम ठोकतो.

गणित गाळले की पुस्तक सुलभ झाले, हा समजही भ्रामक होय. डॅरेल हफ यांचे 1954 सालचे ‘हाऊ टु लाय विथ स्टॅटिस्टिक्स’ मोठे चुरचुरीत आहे. परंतु ते संशय घ्यावयास शिकविते, निर्णय करावयास नव्हे. (याच हफमहाशयांनी पुढे सिगारेटच्या धंद्याची तळी उचलली, हेही वाचकाने ध्यानात असू द्यावे.)

याउलट फ्रीडमन, पिसानी आणि पर्व्हेस या त्रयीचे 1978 सालचे ‘स्टॅटिस्टिक्स’ पाहावे. ते जाडजूड आहे, पण त्यात सूत्राच्या आधी हकीकत येते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी डेन्मार्क व्यापल्यामुळे तेथे नजरकैदेत पडलेल्या जॉन केरिक या गणितज्ञाने एक नाणे दहा हजार वेळा उडवून प्रत्येक कौल टिपून ठेवला: पहिल्या शंभरांत छापा 44 वेळा, हजारांत 502, दहा हजारांत 5,067. निम्म्यापासूनचे अंतर सहावरून सदुसष्टांवर गेले, तरी शेकडेवारीत तेच सहा टक्क्यांवरून पाऊण टक्क्याच्याही आत आले. लागोपाठ चार वेळा काटा पडल्यावर आता छापा पडलाच पाहिजे, असा हिशेब मांडणाऱ्याला नाणे काही देणे लागत नाही, मागची तफावत भरून न निघता मोठ्या संख्येत केवळ विरून जाते, हे एवढ्या आकड्यांवरून उमगलेल्या वाचकाला पुढचे वर्गमुळाचे सूत्र जाचत नाही.

मराठीत असे पुस्तक होण्यास सामग्रीचा तोटा नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी दिल्लीच्या कृषि-संशोधन परिषदेत असताना पीककापणीच्या नमुना-पाहण्यांची शास्त्रशुद्ध घडी बसविली. जेथे महसुली अंमलदार उभे पीक नजरेने जोखून आणेवारी ठरवीत, तेथे गाव, शेत आणि शेतातील तुकडा ही सारी निवड चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे करून तेवढेच पीक कापून तोलावयाचे, अशी ही रीत होती. अनुभवी अंमलदाराच्या नजरेपेक्षा चिठ्ठीने निवडलेल्या तुकड्यावर भरवसा अधिक का ठेवावा, हा प्रश्न दुष्काळात महसुलाच्या सुटीसाठी अर्जविनंत्या केलेल्या गावाला समजावून सांगावा लागत नाही.

विद्यापीठांच्या प्रकाशन विभागांनी एखाद्या जाणत्या प्राध्यापकाकडून, आणेवारीपासून आरंभ करणारे दोनशे पानांचे पुस्तक लिहवून घ्यावे. तोवर इंग्रजी वाचणाऱ्याने फ्रीडमनची जुनी आवृत्ती रद्दीच्या दुकानात मिळाली तरी खुशाल घ्यावी.