अधुऱ्या हाताची बाजू

"आधी फ्लश लागू दे, मग बघू." छत्रपती संभाजीनगरातली जी मंडळी गोव्याला गेली की मांडवीतल्या कॅसिनो जहाजांवर पोकरला बसतात, किंवा इथे घरीच नुसत्या चिप्सवर डाव मांडतात, त्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. हात जमलेला नसेल तर मुकाट्याने कॉल करत, म्हणजे समोरच्याने लावलेली रक्कम तेवढीच भरत, पुढच्या पत्त्याची वाट पाहावी, हा सल्ला आपल्याकडे शहाणपणाचा समजला जातो. माझं स्पष्ट मत आहे की हा सल्ला चुकीचा आहे, आणि कॅश गेममध्ये तर तो खिसा रिकामा करणारा आहे. अधुऱ्या हातावर, म्हणजे ड्रॉवर, योग्य वेळी स्वतःहून जोरात पैसे लावणं हाच खरा सावध खेळ.

विरोधी बाजू कच्ची नाही, म्हणून ती आधी नीट मांडतो. पहिला आक्षेप असा की, जे हातात नाही त्यावर पैसे लावणं हा उघड जुगार आहे. दुसरा आक्षेप आकड्यांचा आहे. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर पहिले तीन सामायिक पत्ते उघडल्यावर, एकाच रंगाचे चार पत्ते जमले तरी पुढच्या दोन पत्त्यांत फ्लशसाठी लागणारा पाचवा येण्याची शक्यता जेमतेम 35 टक्के असते, म्हणजे तीनपैकी दोनदा हात कोराच राहणार. तिसरा आक्षेप अनुभवाचा आहे: आपल्याकडे कोणी पत्ते टाकतच नाही, मग घाबरवायचं कोणाला?

या आक्षेपांचं मूळ आपण लहानपणापासून खेळत आलेल्या डावांत आहे. दिवाळीत रंगणाऱ्या तीन पत्तीत तीन पाने वाटली की संपलं, पुढे काही येत नाही. तिथे हात असतो किंवा नसतो, आणि नसताना चाल वाढवली तर ती निव्वळ थाप असते. रमीत याच्या उलट. पत्ता ओढत राहायचं, सिक्वेन्स जमायची वाट पाहायची, पण डाव चालू असताना बोली वाढवायची सोय नाही. म्हणजे तीन पत्तीने आपल्याला वाट न पाहता पैसे लावायला शिकवलं आणि रमीने पैसे न लावता वाट पाहायला. पोकरचा ड्रॉ या दोहोंच्या मधे उभा आहे. आज मागे असलेला पण उद्या पुढे जाऊ शकणारा हात कसा खेळायचा, याची सवय आपल्याला या दोन्ही खेळांनी लावलेली नाही.

आता एक डाव जवळून पाहू. तुमच्या हातात बदामाचा एक्का आणि बदामाची पंजी. फ्लॉपवर इस्पिकचा राजा, बदामाची नव्वी, बदामाची तिर्री. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, किलवरची सत्ती, म्हणजे काही उपयोग नाही. पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या रकमेत, 2,000 रुपये आहेत आणि समोरच्याकडे व तुमच्याकडे प्रत्येकी 2,000 उरलेत. न दिसलेली 46 पाने शिल्लक, त्यांतली 9 बदामाची. रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पत्त्याला, फ्लश लागण्याची शक्यता साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास. एक्का पडूनही कधी डाव जिंकता येईल, पण तो हिशेबात धरायचा नाही.

समोरच्याने 2,000 लावले आणि तुम्ही कॉल केला, तर सरासरीने तुमचं 826 रुपयांचं नुकसान होतं. हाच वाट पाहणाऱ्याचा सावधपणा. आता तुम्हीच आधी 2,000 लावले आणि समोरचा शंभरातल्या चाळीस वेळा पत्ते टाकतो असं धरा. त्या चाळीस वेळा पॉटमधले 2,000 लगेच तुमचे. उरलेल्या साठ वेळा तुम्ही पूर्वीसारखेच सरासरी 826 रुपयांनी मागे. दोन्ही मिळून प्रत्येक डावामागे सुमारे 304 रुपयांचा फायदा. पत्ते तेच, रक्कम तीच, फरक फक्त पैसे आधी कोणी लावले याचा.

दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर इथेच मिळतं. तीनपैकी दोनदा पत्ता लागणार नाही हे खरं, पण कॉल करणाऱ्याला जिंकायचा एकच रस्ता असतो आणि पैसे लावणाऱ्याला दोन. पत्ता न लागताही त्याचा डाव सुटू शकतो. अमेरिकी लेखक डेव्हिड स्क्लान्स्की यांनी या चालीला सेमी-ब्लफ असं नाव दिलं आणि 'द थिअरी ऑफ पोकर' या पुस्तकात तिची तपशीलवार चिकित्सा केली.

पहिला आक्षेपही यामुळे टिकत नाही. पोकर नशिबाचा की कौशल्याचा, यावर न्यायालयांचंही एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये पोकरला कौशल्याचा खेळ मानायला नकार दिला, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2024 मध्ये उलट मत दिलं. तो वाद न्यायालयं सोडवोत. टेबलावर मात्र नशिबाच्या भरवशावर बसलेला कोण असतो? एका पत्त्यावर सगळी भिस्त ठेवून कॉल करणारा. जो पैसे लावतो तो निदान निम्मा निकाल समोरच्याच्या निर्णयावर नेऊन ठेवतो, आणि माणसाचा निर्णय ओळखायला शिकता येतं.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि मी तो अर्धा मान्य करतो. वरच्या डावात चाल फायद्याची व्हायला समोरच्याने शंभरातल्या किमान तीस वेळा तरी पत्ते टाकायला हवेत. शो झाल्याशिवाय जो उठतच नाही, त्याच्यासमोर हे करणं म्हणजे पैसे उधळणं. विरोधक तीन असतील आणि प्रत्येक जण साठ टक्के वेळा पत्ते टाकणारा असेल, तरी तिघेही एकदम टाकण्याची शक्यता बावीस टक्क्यांच्या आतच राहते. समोरच्याची एकाच आकड्याची तीन पाने जुळलेली असतील, तर फ्लॉपवरचे ते 35 टक्के चौथाईवर येतात. आणि सत्ती-छक्कीचा फ्लश लागूनही मोठ्या फ्लशपुढे हरता येतं, म्हणून एक्क्याच्या ड्रॉची किंमत वेगळी. पण हे सगळं माझ्याच मुद्द्याला धरून आहे. माणूस, संख्या आणि पत्ता पाहून चाल बदलायची, हाच तर तो हिशेब.

कॅश गेममध्ये याला आणखी एक कारण आहे. तिथे तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा समोर येतात. तुम्ही फक्त हात जमल्यावरच पैसे लावता हे एकदा टेबलाने ओळखलं, की तुमच्या तीन राजांनाही कोणी दाम देत नाही. ड्रॉवर लावलेले पैसे तुमच्या चांगल्या हातांची वसुली करून देतात.

या सगळ्यात एक अट मी सोडणार नाही. हा युक्तिवाद खेळासाठी आहे, कर्जासाठी नाही. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, पैशांचा अड्डा चालवणं गुन्हा आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि पोकरची ॲप्स बंद झाली. घरखर्चाचे किंवा उसने पैसे घेऊन बसलेल्या माणसाला तर सेमी-ब्लफ जमणारच नाही, कारण हरण्याची भीती त्याला नेमक्या क्षणी कॉल करायला लावते. हे गणित शिकायला बिनपैशाच्या चिप्स पुरतात.

पुढचा पत्ता स्वस्तात मिळत असेल तर खुशाल कॉल करा. तो महाग असेल तर दोनच मार्ग उरतात: समोरचा पत्ते टाकण्याजोगा असेल तर पुढाकार घेऊन लावा, नसेल तर स्वतः पत्ते टाका. महागडा कॉल करून आशेवर बसणं, ज्याला आपण सबुरी म्हणत आलो, तोच या खेळातला सर्वांत बेफिकीर डाव आहे.